मुक्काम संपला, व्हिसा शिल्लक: उदगीरच्या बाईंचं प्रकरण

17 नोव्हेंबर 2025 ला सकाळी अमेरिकेतून फोन आला तो हयातीच्या दाखल्यासाठी. उदगीरला पासपोर्ट, व्हिसा, पेन्शन असले फॉर्म भरून द्यायचं माझं छोटं दुकान आहे. फोन करणारा आमच्या बाईंचा मुलगा. बाई म्हणजे जिल्हा परिषद शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, वय 66; मला चौथीला त्यांनीच शिकवलं. "दादा, आईचा दाखला या महिन्यात बँकेत गेला नाही तर पेन्शन थांबेल. इथून कसा पाठवायचा?"

पासपोर्टच्या पानांचे फोटो आणि आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत कधी शिरलात नि कधीपर्यंत राहू शकता त्या नोंदीची, प्रत पाठव म्हणालो. "तो आईचाही असतो का?" असं त्यानं विचारलं, तेव्हाच पोटात गोळा आला. दहा वर्षं अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला स्वतःचा आय-94 माहीत असतो. आईचाही वेगळा असतो, हे डोक्यात आलेलं नसतं. सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकला की तो दोन मिनिटांत निघतो. निघाला. आत शिरल्याची तारीख 5 जानेवारी 2025. राहण्याची परवानगी 4 जुलै 2025 पर्यंत.

(ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. तारखांचं गणित मात्र जसंच्या तसं ठेवलंय, कारण या प्रकरणात तेच सगळं आहे.)

चूक कुठं झाली

मुलगा आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिलला, एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, सॉफ्टवेअरमध्ये. फेब्रुवारीत सून बाळंत होणार म्हणून बाई जानेवारीत गेल्या. परतीचं तिकीट 20 जूनचं होतं. जूनमध्ये बाळाला ताप आला, तिकीट पुढं ढकललं. मग सुनेची रजा संपली आणि पाळणाघरात जागा मिळेना. तिकीट सप्टेंबरवर गेलं. मग "आता दिवाळी करूनच जा". प्रत्येक वेळी तारीख बदलून देणाऱ्या एजंटला मुलानं विचारलंही होतं. उत्तर आलं, "दहा वर्षांचा व्हिसा आहे की, राहू द्या."

हे वाक्य मी लातूर, नांदेड, परभणी, कुठल्याही गावच्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. व्हिसा म्हणजे लग्नाची पत्रिका. ती तुम्हाला मांडवाच्या दारापर्यंत नेते. आत किती दिवस मुक्काम, ते दारात उभा असलेला यजमान ठरवतो. अमेरिकेत तो यजमान म्हणजे विमानतळावरचा सीबीपीचा, म्हणजे सीमा आणि कस्टम खात्याचा, अधिकारी, आणि त्यानं दिलेली तारीख आय-94 वर असते. बी-2 या पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना ती बहुधा सहा महिन्यांची मिळते. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर 2033 छापलेलं असलं तरी तिला काही फरक पडत नाही.

4 जुलैच्या आधी मुदतवाढीचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-539, भरला असता तर हे प्रकरण घडलंच नसतं. ऑनलाइन फी 420 डॉलर. वेळेत भरलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरत नाहीत. पण दोन मिनिटं आय-94 बघितला नाही, म्हणून तो अर्ज सुचलाच नाही.

मी वहीत दिवस मांडले. 5 जुलै हा जादा मुक्कामाचा पहिला दिवस. जुलैचे 27, ऑगस्टअखेर 58, सप्टेंबरअखेर 88, ऑक्टोबरअखेर 119. फोन आला तो 136 वा दिवस. 180 वा दिवस येत होता 31 डिसेंबरला.

एकशे ऐंशीला मी लाल गोल केला. अमेरिकन कायद्यात 180 पेक्षा जास्त पण एक वर्षापेक्षा कमी दिवस बेकायदा राहून माणूस देशाबाहेर पडला, की तीन वर्षं पुन्हा प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. गंमत अशी की ही बंदी तिथं राहिल्यानं लागू होत नाही, बाहेर पडल्यावर लागते. म्हणून कित्येक जण "आता निघालो तर अडकू" म्हणत वर्षानुवर्षं तिथंच राहतात. बाईंच्या हातात अजून 44 दिवस होते.

दुसरा प्रश्न, सहज विचारलेला

फोन ठेवता ठेवता मुलगा म्हणाला, "आणि 7 डिसेंबरला आम्ही मॅकॅलनला जायलोत, विमानानं. मावसबहिणीचं डोहाळजेवण आहे. देशातल्या देशात आहे, त्याला काय अडचण?"

देशातल्या देशात. आपल्याकडं संभाजीनगरहून मुंबईला विमानानं जाताना गेटवर कुणी विचारतं का तुमचा मुक्काम कायदेशीर आहे का? तोच हिशोब त्यानं तिकडं लावला. आणि निम्मा हिशोब बरोबरही आहे. मुक्काम संपलेल्या माणसानं अमेरिकेत देशांतर्गत विमानात बसू नये, असा कायदा नाही. सुरक्षा तपासणी करणारी टीएसए ही संस्था तुमची ओळख बघते. 7 मे 2025 पासून तिथं ठरावीक दर्जाचंच ओळखपत्र चालेल असा रिअल आयडीचा नियम लागू झाला, पण परदेशी पासपोर्ट त्यात चालतो. तपासणीच्या टेबलावरचा माणूस व्हिसाचं पान उलटून आय-94 ची तारीख मोजत बसत नाही. इतकी वर्षं मुदत उलटलेले लोक या शहरातून त्या शहरात उडत आले ते याच भरवशावर.

पण टेबलावरचा माणूस बघत नाही म्हणजे कुणीच बघत नाही, असं नाही. प्रत्येक प्रवाशाचं नाव, जन्मतारीख आणि लिंग विमान कंपनी आधीच टीएसएला पाठवते. ही सोय अतिरेक्यांच्या यादीशी नावं ताडण्यासाठी उभी केलेली. टीएसए आणि बेकायदा राहणाऱ्यांना पकडणारी आयसीई ही दोन्ही एकाच गृहसुरक्षा खात्याची पोरं. डिसेंबर 2025 च्या मध्यास अमेरिकन वृत्तपत्रांत बातमी आली की मार्च 2025 पासून टीएसए प्रवाशांच्या याद्या आठवड्यातून अनेकदा आयसीईला देत आहे, आणि आयसीई त्या आपल्याकडच्या नोंदींशी ताडून विमानतळावर माणसं पाठवते. म्हणजे पूर्वी धोका होता तो योगायोगाचा. आता तो तिकीट काढल्या क्षणापासून सुरू होतो.

मॅकॅलनची गोष्ट मात्र याहून वेगळी आणि जुनी आहे. टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीकाठी हे गाव, पलीकडं मेक्सिको. सीमेपासून शंभर मैलांच्या पट्ट्यात सीमेवर गस्त घालणाऱ्या बॉर्डर पेट्रोलला तपासणीचे जादा अधिकार आहेत, आणि त्या खोऱ्यातल्या विमानतळांवर त्यांचे जवान सुरक्षा तपासणीच्या जवळ उभे राहून देशांतर्गत प्रवाशांनाही विचारतात: नागरिक आहात का? नसाल तर कागद दाखवा. गाडीनं उत्तरेला निघालात तरी सुटका नाही. 281 नंबरच्या महामार्गावर फॅलफुरियसला त्यांचा कायमचा नाका आहे, 77 नंबरवर सारिटाला दुसरा. आत शिरताना कुणी अडवत नाही; बाहेर पडताना सगळेच अडवतात. नदीतल्या मासे पकडायच्या टोपल्यासारखं.

बाईंची भाची, म्हणजे डोहाळजेवणवाली, आणि तिचा नवरा तिथं चार वर्षं राहतात. दर वेळी नाक्यावर पासपोर्ट दाखवतात, पुढं जातात. त्यांचे कागद स्वच्छ, म्हणून नाका त्यांच्या लेखी टोलनाक्याइतकाच. मावशीला बोलावताना त्यांना हे सुचलं नाही यात त्यांचा दोष नाही.

मला आणखी एका गोष्टीची धास्ती होती. बाईंना इंग्रजी वाचता येतं, पण गोऱ्या माणसानं भराभर काही विचारलं की त्या "यस, यस" म्हणतात. "अमेरिकन नागरिक आहात का?" या प्रश्नाला असं "यस" गेलं असतं तर? नागरिकत्वाचा खोटा दावा ही त्या कायद्यातली अशी चूक आहे की तिला तीन वर्षं, दहा वर्षं असली मुदत नाही. ती कायमची बंदी ओढवून आणते. घाबरून चुकून म्हटलं होतं, हे नंतर पटवत बसायचं.

डोहाळजेवणाची तिकिटं त्याच रात्री रद्द झाली. मुलाला पटायला वेळ लागला नाही. खरी अडचण पुढंच होती.

भीतीनं जे केलं

20 नोव्हेंबरला बॉस्टनच्या लोगन विमानतळावर एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला पकडलं. थँक्सगिव्हिंगला टेक्ससमध्ये घरच्यांना भेटायला देशांतर्गत विमानानं निघाली होती. दोन दिवसांत तिला होंडुरासला पाठवून दिलं. बातमी आठवडाभरात इकडच्या व्हॉट्सअॅपवरही फिरली, अर्थातच मीठमसाला लावून. बाईंच्या मुलाचा फोन आला. आवाज पार बदललेला. "दादा, आता आईला कुठल्याच विमानात बसवत नाही. आमच्या गावाहून भारतात थेट विमान नाही, आधी डॅलसला उडावं लागतं. तिथंच पकडतील. थोडं थंड होऊ दे, जानेवारीत बघू."

इथं मी त्याच्यावर आवाज चढवला, हे कबूल करतो. जानेवारी म्हणजे 180 च्या पलीकडं.

त्या मुलीच्या बातमीत एक ओळ होती जी बातमी पुढं पाठवणाऱ्यांनी गाळली होती. लहानपणी अमेरिकेत आलेल्या तिच्यावर देशातून काढण्याचा न्यायालयीन आदेश जुनाच होता. यादीशी ताडताना आयसीईला सगळ्यात आधी आणि सगळ्यात सोपी सापडतात ती अशीच नावं, कारण तिथं पुढं काही चालवायचं उरलेलं नसतं. बाईंवर आदेश नव्हता, खटला नव्हता, साधी नोटीससुद्धा नव्हती. त्या रीतसर तपासणी होऊन आत आल्या होत्या. म्हणून त्यांना धोका नव्हता असं मी म्हणणार नाही. निघण्याची नोंद नाही म्हणजे मुदत उलटली, एवढं त्या खात्याच्या संगणकाला कळतंच. पण दोन धोक्यांची तुलना करायची झाली तर एका बाजूला होती विमानतळावर अडवलं जाण्याची शक्यता आणि दुसऱ्या बाजूला 1 जानेवारीनंतर निघाल्यावर शंभर टक्के लागणारी तीन वर्षांची बंदी. भीतीपोटी माणूस शक्यतेपासून पळतो आणि खात्रीच्या मिठीत जाऊन पडतो.

मी वहीचं ते पान फोटो काढून बाईंनाच पाठवलं. आयुष्यभर हजेरीपट भरलेल्या बाईंनी महिने बोटांवर पुन्हा मोजले, माझी एक बेरीज तपासली (बरोबर निघाली, हे अभिमानानं सांगतो) आणि मुलाच्या मोबाईलवरून मला म्हणाल्या, "अरे, एक दिवस जास्त झाला तर तीन वर्षं? मग थांबायलोत कशाला? नातवाचं जावळ काढायला मला यायचंय की परत."

वकिलाचा एक तास

मी वकील नाही, आणि असल्या प्रकरणात दुकानदारानं शेवटचा शब्द द्यायचा नसतो. तिथल्या इमिग्रेशन वकिलाचा एक तास घ्या म्हणालो. फी बाईंच्या अर्ध्या महिन्याच्या पेन्शनएवढी झाली. मुलानं कुरकुर केली, पण दिली.

उशिरा मुदतवाढ मागायची का? असाधारण कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण "एजंटनं सांगितलं" हे असाधारण कारण नव्हे. सोडून दिलं.

डॅलसपर्यंत गाडीनं जावं का? मुलाचा जीव याच पर्यायावर होता. पाच-साडेपाच तासांचा रस्ता, वाटेत ओक्लाहोमा. वकिलानं विचारलं, यानं वाचतं काय? डॅलसला आंतरराष्ट्रीय विमानात बसायला तीच टीएसए, आणि वर परदेशी विमानाच्या प्रवाशांची यादी पासपोर्ट नंबरासकट थेट सीबीपीकडं जाते. म्हणजे दारावरचा पहारेकरी चुकवून घरमालकाच्या समोर जाऊन उभं राहायचं. शिवाय कित्येक ठिकाणचे स्थानिक पोलीस आता आयसीईशी करार करून काम करतात. रस्त्यात वेगासाठी गाडी अडवली तर तोही एक नाकाच.

ठरलं ते असं. बेंटनव्हिलजवळच्या विमानतळावरून डॅलस, तिथून दोहा, तिथून हैदराबाद, आणि हे सगळं एकाच तिकिटावर. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. स्वस्त पडतं म्हणून देशांतर्गत तुकडा वेगळा काढला असता, तर त्या तुकड्यापुरत्या बाई अमेरिकेत फिरणाऱ्या प्रवासी दिसल्या असत्या. एका तिकिटावर त्या पहिल्या काउंटरपासूनच देश सोडून निघालेल्या प्रवासी होत्या. कुणी अडवलंच असतं तर हातातला कागदच बोलला असता. आपणहून निघालेल्या म्हातारीला अडवून आयसीईला काय मिळणार? काही न मिळताही अडवतात, असंही वकील म्हणाला. त्यानं खोटा दिलासा दिला नाही.

अडवलं तर काय, यावर त्यानं बराच वेळ घेतला. नुसती अटक हे सर्वांत मोठं नुकसान नव्हे. नोटीस देऊन प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढं गेलं आणि देशातून काढण्याचा आदेश झाला, तर त्या आदेशाची स्वतःची दहा वर्षांची बंदी असते. 165 दिवसच झाले होते, हा युक्तिवाद तिथं कामाला येत नाही. म्हणून न समजणाऱ्या कागदावर सही करायची नाही, वकिलाशी बोलायचंय एवढंच म्हणायचं, आणि वेळ आलीच तर न्यायाधीशाकडं स्वेच्छेनं निघण्याची परवानगी मागायची. बाईंना ही तीन वाक्यं इंग्रजीत पाठ करायला लावली. सुनेनं रोज संध्याकाळी तोंडी परीक्षा घेतली. चौथे वाक्य मी घातलं: "आय अॅम ए सिटिझन ऑफ इंडिया."

16 डिसेंबर

165 वा दिवस. हातपिशवीत पासपोर्ट, पूर्ण तिकिटाची छापील प्रत, आय-94, वकिलाचं पत्र आणि बीपीच्या गोळ्या. व्हीलचेअर मुद्दाम घेतली. गुडघे दुखतात हे खरंच होतं, शिवाय एक माणूस डॅलसला दारापर्यंत सोबत राहतो.

पहिल्या विमानतळावर टीएसएच्या माणसानं पासपोर्ट बघितला, चेहरा बघितला, पुढं जा म्हणाला. डॅलसला विमानात शिरताना कॅमेऱ्यानं फोटो घेतला. बस्स. बाई मात्र अस्वस्थ. मुंबईहून जाताना बाहेर पडायचा शिक्का बसला होता, इथं शिक्क्याचं काउंटरच सापडेना! व्हीलचेअर ढकलणाऱ्याला त्यांनी दोनदा विचारलं. अमेरिकेत बाहेर पडताना असं काउंटर नसतं. निघाल्याची नोंद विमान कंपनीच्या यादीवरून आणि फोटोवरून होते. ती नोंद कधी चुकते. म्हणून मी बोर्डिंग पासचे तिन्ही तुकडे जपायला सांगितले होते. 18 तारखेला पहाटे हैदराबादला भारतात आल्याचा शिक्का बसला, तो सर्वांत पक्का पुरावा. तिथून जहीराबाद, बिदर, कमालनगर करत दुपारपर्यंत उदगीर.

हिशोब

तीन वर्षांची बंदी लागली नाही. व्हिसा मात्र गेला. मुक्कामाची मुदत एक दिवसानं जरी उलटली तरी ज्या व्हिसावर आत शिरलात तो आपोआप रद्द होतो, आणि नवा मायदेशातच मागावा लागतो. अर्जात मुदत उलटली होती का, असा प्रश्न असतो. तिथं होय लिहायचं, कारण द्यायचं, बोर्डिंग पास जोडायचे. मुलाखतीत काय होईल, ते समोरच्या अधिकाऱ्याच्या मनावर.

शेजारच्या गल्लीतल्या एका आजींचं उदाहरण या काळात आम्हाला चार जणांनी ऐकवलं: त्या वर्षभर जास्त राहिल्या, विमानानं फिरल्या, काही झालं नाही, उलट ग्रीन कार्ड मिळालं. मिळालं, कारण त्यांचा मुलगा अमेरिकन नागरिक आहे. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाचे आईवडील रीतसर आत आलेले असले तर मुदत उलटूनही तिथल्या तिथं ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतात. एच-1बीवाल्याच्या आईला ते दार नाही. तसंच विद्यार्थ्यांचं: त्यांच्या आय-94 वर तारखेऐवजी डी/एस, म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत, असं लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या बेकायदा दिवसांची मोजणी वेगळ्या रीतीनं सुरू होते. लातूरच्या पोराचा अनुभव उदगीरच्या आईला लावू नका, एवढं मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एजंटाचं नाव विचारतात, ते मात्र सांगत नाही.

हयातीचा दाखला 22 डिसेंबरला बँकेत दिला. थांबलेली पेन्शन पुढच्या महिन्यात फरकासकट आली. त्या दिवशी बाई दुकानात पासपोर्ट घेऊन आल्या होत्या. व्हिसाचं पान उघडून बोट ठेवलं. "अरे, हे तर जसंच्या तसं आहे. कुणी फुली मारली नाही. यावर 2033 च लिहिलेलं आहे की."

"लिहिलेलं आहे, बाई," मी म्हणालो. "पण चालत नाही."

त्यांनी चष्मा काढून पान पुन्हा जवळून बघितलं, आणि मॅकॅलनच्या भाचीला मुलगी झाली की व्हिडिओ लावून दे, असं सांगून उठल्या.